फिरत्या व्यापाऱ्याचं पात्र करायचं आहे, मागची गोष्ट कशी लिहू?

उमरेड_रोड

नमस्कार मंडळी. नागपुरात आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. रविवारी दुपारी मनीषनगरला एका मैत्रिणीकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. दिवाळीनंतर नवीन कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) सुरू होऊन राहिलं आहे, पहिल्या लेव्हलपासून. या वेळी मला फिरती व्यापारी करायची आहे. तलवार उपसून सगळ्यांच्या पुढे धावणारी पात्रं खेळून झाली. आता जिला दर गावात कोणी ना कोणी ओळखतं, नदीला उतार कुठे आहे ते जिला ठाऊक आहे, अशी बाई हवी.

डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, नकाशा दिला आहे. पश्चिमेला समुद्र आणि मिठागरं. मधे मोठं कोरडं पठार, त्यावर लहान लहान सरदार आणि प्रत्येकाचा आपापला नाका. पूर्वेला दाट जंगल, आणि जंगलापलीकडे तांब्याच्या खाणींचं डोंगरी राज्य.

मी लिहिलं ते असं: "वेणू, अर्धी एल्फ. लहानपणी दरोडेखोरांनी काफिला लुटला, आईवडील मारले गेले. आता ती एकटीच खेचर घेऊन गावोगाव मसाले विकते आणि त्या दरोडेखोरांचा माग काढते."

हे वाचून डीएम म्हणाला, "यातले मसाले काढून टाक. गोष्टीत काय बदललं?" काहीच बदलत नाही, हे मलाही पटलं. आता ती व्यापारी आहे म्हणूनच घडेल अशी गोष्ट कशी उभी करू? आणि दुसरी काळजी, माझी भावाची घासाघीस सुरू झाली की बाकीचे चौघं मोबाईल काढून बसतील. ते कसं टाळायचं?

वीसचा_फासा

आधी नियमांचं सांगतो. नियमांचं कोणतं पुस्तक चालू आहे, 2014 चं की 2024 चं, ते डीएमला विचारा, कारण दोन्हींत फरक आहे.

2014 च्या पुस्तकात व्यापाऱ्याची वेगळी पार्श्वभूमी नाही. गिल्डच्या कारागिराचाच एक पोटप्रकार म्हणून व्यापारी येतो. माणूस ओळखण्याचं आणि मन वळवण्याचं कौशल्य मिळतं. कारागिराच्या हत्यारांच्या जागी दिशा काढायची साधनं शिकता येतात किंवा एक जादा भाषा, आणि सुरुवातीलाच खेचर व गाडी घेता येते. गिल्डचं परिचयपत्र सोबत असतं, पण महिन्याला 5 सोन्याची नाणी वर्गणी भरावी लागते. ती थकली तर गिल्ड पाठीशी राहत नाही.

2024 च्या पुस्तकात व्यापारी ही स्वतंत्र पार्श्वभूमी आहे. जनावरं हाताळणं, मन वळवणं, दिशा काढायची साधनं, 'लकी' हे फीट (खास क्षमता) आणि 22 सोन्याची नाणी. सामान नको असेल तर सरळ 50 नाणी घ्या. गुण वाढवायचे ते कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स आणि करिश्मा यांतले. यात खेचर मिळत नाही, ते विकत घ्यावं लागतं.

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा? बहुतेक जण बार्ड (गाण्यातून जादू करणारा) करतात. मी वॉरलॉक सुचवेन. ज्याच्याकडून शक्ती घेतली त्याच्याशी करार असतो, आणि करार तर व्यापाऱ्याला रोजचा.

घासाघिशीचं सोपं आहे. एका गावातल्या सगळ्या खरेदी-विक्रीला मिळून एकच फासा टाका. बाकीचा हिशेब आठवड्याच्या मधे डीएमशी व्हॉट्सअ‍ॅपवर उरकून घ्या. टेबलावर फक्त तोच सौदा खेळा ज्यात भावापेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलं आहे.

इतवारीतला_अडत्या

उमरेड_रोड ताई, तुमच्या डीएमने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. आमच्या घरी दोन पिढ्या इतवारीत मिरचीची अडत होती. मी नोकरीत गेलो, पण वाढलो तो लाल कापडाच्या चोपड्या आणि भिवापुरी मिरचीच्या पोत्यांमधेच, आणि आता पुष्कळ वर्षं डीएम म्हणून टेबल चालवतो. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. लांब लिहितो आहे, सवडीने वाचा.

दरोड्यात आईबाप गेले ही गोष्ट लोहाराची होऊ शकते, पुजाऱ्याची होऊ शकते. व्यापाऱ्याची गोष्ट त्याच्या खतावणीत असते. कोणाचं किती घेणं, कोणाचं किती देणं, आणि ते का थकलं. त्यामुळे चरित्र बाजूला ठेवा आणि आधी माल ठरवा. माल ठरला की वाट आपोआप ठरते, आणि वाट ठरली की माणसं भेटतात.

तुम्ही नुसतं 'मसाले' लिहिलं आहे. जरा हिशेब करून बघू. खेळाच्या 2014 च्या पुस्तकात व्यापारी मालाचे भाव दिले आहेत. पौंडाला गहू 1 तांब्याचं नाणं, मीठ 5 तांब्याची, आलं 1 सोन्याचं, मिरी 2, लवंग 3 आणि केशर 15 सोन्याची. एका सोन्याच्या नाण्याची शंभर तांब्याची होतात. खेचर 420 पौंड ओझं वाहतं. म्हणजे खेचरभर गव्हाचे 4 सोन्याची आणि वर 2 चांदीची. खेचरभर मिठाचे 21 सोन्याची. खेचरभर मिऱ्यांचे तब्बल 840.

आता वेणूच्या हातात 22 नाणी. 8 चं खेचर, 5 चं ओझ्याचं खोगीर, उरली 9. त्यात मीठ येईल 180 पौंड. अर्ध्या ओझ्याचं खेचर, खिसा रिकामा, पण माल स्वतःचा. ही एक वेणू झाली. दुसरी वेणू खेचरभर मिरी घेऊन चालली आहे. पण 840 चा माल ती घेऊच शकत नाही, म्हणजे ती मिरी दुसऱ्या कोणाची तरी आहे. कोणाची? त्याने तिच्यावर विश्वास का टाकला? ओझ्यातलं एक पोतं भिजलं तर भरपाई कोण देणार? बघा, मसाले काढून टाकले तर आता गोष्टच उरत नाही. डीएमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

मला विचाराल तर दुसरी वेणू घ्या.

आता वाट. खेळात साधारण चालीने दिवसाला 24 मैल जाता येतात. आपल्याकडचे खरे तांडे इतके चालत नसत. पीटर मुंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला 1632 साली आग्रा ते पाटणा प्रवासात धान्य लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा भेटला. दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चाल नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. चाल संथ, कारण बैल वाटेवर चरत जायचे. खेळात एका जनावराचा चारा रोज 5 तांब्याच्या नाण्यांचा. वीस दिवसांत एक सोन्याचं नाणं चाऱ्यातच जातं, आणि खेचरभर गव्हाची किंमत आहे चार. विकतच्या चाऱ्यावर गव्हाचा व्यापार परवडत नाही. जनावर चरत चरत गेलं तर खर्च नाही, म्हणून स्वस्त माल संथ जातो आणि महाग माल भरभर. वेणू मिरी घेऊन गव्हाच्या तांड्यासोबत चालत असेल, तर ती वेळ देऊन सुरक्षितता विकत घेते आहे. पुढे जंगलाजवळ तांडा सोडून एकटीने पुढे जायचं की नाही, हा निर्णय पहिल्याच सेशनमधे तुमच्या पूर्ण टोळीपुढे ठेवता येतो.

ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्याही सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. जिथे नुसता तांदूळ पिकतो तिथे गहू न्यायचा, जिथे गहू पिकतो तिथे तांदूळ, आणि जिथे मीठ नाही तिथे मीठ. अरुंद रस्त्यावर असा तांडा समोरून आला तर तो सगळा निघून जाईपर्यंत प्रवाशांना दोन-दोन तीन-तीन दिवस थांबावं लागे. असा तुंबलेला रस्ता तुमच्या डीएमला जरूर सुचवा. एका बाजूला तुम्ही, समोर बैलच बैल, आणि मागून कोणीतरी पाठलागावर आहे.

आपल्या भागाचंच बघा ना. रेल्वे यायच्या आधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरला, गंगेकाठी जायचा. आणि नागपुरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही वस्त्यांची नावं बाजाराच्या वारांवरून पडलेली. तुमच्या पठारावर सात गावं घ्या आणि प्रत्येकाला एक वार द्या. वेणूला कोणत्या वारी कुठे असायला हवं ते तिच्या तोंडपाठ असेल. मग डीएमने एक दिवस बुधवारच्या गावात भर बुधवारी बाजारच भरवू नये. मैदान मोकळं, दुकानं बंद, कुत्रीसुद्धा नाहीत. तिथे काहीतरी घडलं आहे हे सगळ्यांच्या आधी तिला कळेल. पार्श्वभूमी अशी टेबलावर कामाला आली पाहिजे.

नाक्यांबद्दल थोडक्यात. जुन्या काळी नाक्या-नाक्यावर जकात असे आणि दस्तक, म्हणजे परवाना, असेल तर माल पुढे जाई. मापंही गावागणिक बदलत. कागदोपत्री चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, पण या गावचा शेर त्या गावच्या शेराएवढा भरेलच असं नाही. नाणीही तशीच. परमुलुखातलं नाणं सराफ बट्टा कापून घेई. वेणूच्या झोळीत स्वतःचा लहानसा तराजू आणि वजनं असू द्या. तिला खोटं नाणं हातात घेताच कळतं, हे डीएमकडून आधीच मान्य करून घ्या.

आता पत. यातच खरी मजा आहे. खेळाच्या नियमांत 50 नाण्यांचं वजन एक पौंड. 840 सोन्याची नाणी म्हणजे जवळपास 17 पौंड सोनं कमरेला. दरोडेखोरांना आमंत्रणच. म्हणून आपल्याकडे हुंडी होती, दुसऱ्या गावच्या पेढीवर पैसे मिळवून देणारी चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुद्दती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शाहजोग हुंडी असेल तर पैसे कोणाच्याही हातात पडत नाहीत, बाजारात ज्याची पत आहे अशा माणसाच्याच हातात पडतात. चोराने ती पळवली तरी त्याला एक प्रतिष्ठित माणूस सामील करून घ्यावा लागतो. लगेच नवं पात्र तयार झालं: भरचौकात मान असलेला आणि चोरीच्या हुंड्या वटवून देणारा शेठ. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. वेणू पेठ घेऊन पेढीवर पोचते आणि तिथला मुनीम सांगतो की मूळ हुंडी कालच वटली, ती आणणारी बाई हुबेहूब तुमच्यासारखी होती. रूप बदलणारे जीव खेळात भरपूर आहेत, पुढचं डीएम बघेल.

आणखी एक प्रकार होता, जोखमी हुंडी. जहाजावर चढवलेल्या मालावर काढायची. माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, जहाज बुडालं तर ज्याने हुंडी घेतली त्याचं नुकसान. तुमच्या नकाशावर समुद्र आहेच. जंगलालाही समुद्राचाच नियम लावा. वेणूच्या मिऱ्यांवर अशी हुंडी निघाली असेल, तर किनाऱ्यावरचा एक सराफ तिच्या जिवासाठी रोज प्रार्थना करत असणार. आणि त्याच्या पेढीच्या वाइटावर टपलेला दुसरा कोणी ती जंगलातच संपावी म्हणून पैसे मोजत असणार. दोघांनाही तिचं तोंड माहीत नाही.

भाषेची एक जागा मिळत असेल तर डीएमला नंदभाषा मागा. ही आपल्या मराठी दलालांची खरीखुरी गुप्त बोली, गिऱ्हाइकासमोर भाव बोलायला. तीनला उधानू, पाचला मुळू, दहाला अंगुळू. सोबत रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची रीत जोडा. खेळात 'रोग' (rogue) या चोरट्या क्लासला चोरांची बोली मिळते, तशी ही व्यापाऱ्यांची. परक्या शहरात वेणू एका दुकानदाराला 'मुळू' म्हणते आणि तो मान वर करून बघतो. तिथून पुढे त्या दुकानात तिला वेगळी वागणूक.

हे सगळं मागच्या गोष्टीत कोंबू नका. अर्ध्या पानात तीन खाती लिहा. पहिलं खातं देण्याचं: मिरी कोणाची आणि कधीपर्यंत पोचवायची. दुसरं घेण्याचं: पठारावरच्या एका सरदाराकडे तिच्या आईची जुनी रक्कम अडकली आहे, तो दर वेळी जेवू-खाऊ घालतो, आदराने बसवतो आणि पैशाचं नाव काढत नाही. तिसऱ्या खात्यात रक्कम लिहूच नका, फक्त नाव. एखाद्या पुरात कोणी तरी तिच्या खेचराचा दोर धरला होता, याची किंमत कोणत्या रकान्यात टाकायची ते तिला अजून ठरवता आलेलं नाही. टोळीतल्याच एका पात्राला या तिसऱ्या खात्यात बसवा. म्हणजे पाचही जण पहिल्या दिवशी एकत्र का आहेत, हा नेहमीचा प्रश्नही सुटला.

दिग्रसची_लेक

अडत्या दादांनी तांड्यांचं छान लिहिलं, म्हणून मीही लिहिते. मी गोरमाटी, म्हणजे बंजारा, आमचं मूळ घर दिग्रसकडचं, आता नोकरीमुळे नागपुरात. आमचेच पूर्वज ही लदेणी, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याचा धंदा, करत. मीठ, धान्य, बैल, सगळं.

वेणू एकटी खेचर घेऊन फिरते, हे मला पहिल्यापासून खटकलं. एकटं कोणी फिरत नव्हतं. तांडा म्हणजे चालतं गाव. बाया, लेकरं, म्हातारी माणसं, राखणीची कुत्री, सगळ्यात पुढे घंटा-कवड्यांनी सजवलेला बैल. वर नायक आणि कारभारी. भांडण झालं तर न्याय तिथेच, मुक्कामावर. वेणू परकी म्हणून अशा तांड्यासोबत चालली असेल तर ती नायकाच्या शब्दात आहे. त्याने एखादी वाट नाकारली तर तिला ती नाकारावीच लागेल, मिऱ्यांची मुदत संपत आली तरी. हा ताण दादांच्या तीन खात्यांपेक्षा मला जास्त भावतो.

एक विनंती मनापासून करते. असे काल्पनिक खेळ खेळताना फिरत्या लोकांचा समाज आला की त्यांना चोर, जादूटोणा करणारे, मुलं पळवणारे दाखवायची सवय असते. आमच्या लोकांनी हे प्रत्यक्ष भोगलं आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे कित्येक भागांत बंजाऱ्यांना त्या यादीत टाकलं. जन्माला आल्यापासून संशयित. तो कायदा 1952 साली रद्द झाला. आम्ही आजही विमुक्त म्हणवतो ते त्यामुळे. तेव्हा तांडा आणा, नायक आणा, फेटिया-काचळीतली बाई बैल हाकताना दाखवा, मला आनंदच होईल. पण सरदाराच्या नाक्यावर चोरी झाली आणि सगळ्यांनी तांड्याकडे बोट दाखवलं, असा प्रसंग आला तर तुमच्या टोळीने आधी सरदाराच्या कोठाराची झडती घ्यावी.

आता खेळासाठी एक कल्पना. आमची लदेणी कशाने मोडली? मुख्य म्हणजे रस्ते आणि रेल्वे. नागपूरला गाडी 1867 मधे आली. त्यानंतर मिठाची गोणी बैलावर घालणाऱ्याला कोण विचारणार? तुमच्या जगात रेल्वे नाही, पण जादूचं दळणवळण आहे. टेलिपोर्टेशन सर्कल हा पाचव्या पातळीचा मंत्र, जमिनीवर मंडल आखून क्षणात दूरच्या कायमच्या मंडलापाशी पोचवणारा. एकाच जागी वर्षभर रोज म्हटला तर ते मंडल कायमचं होतं. समजा, डोंगरातल्या राजाने आपल्या राजधानीत असं मंडल आखायला घेतलं आहे आणि त्याचे मांत्रिक रोज न चुकता मंत्र म्हणताहेत. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पठारावरच्या सगळ्या तांड्यांना ही बातमी लागली आहे. वेणूच्या सात गावांचं, सात बाजारांचं वर्षभरानंतर काय होणार? कोणी तो मंत्र मोडायला निघेल, कोणी मांत्रिकांना राखायला. वेणू कोणत्या बाजूची?

उमरेड_रोड

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः दिग्रसच्या ताईंचे. तुमचं वाचून वेणूचा एकटेपणा काढला. पुन्हा लिहिलं ते टाकते:

"वेणू, अर्धी एल्फ, वॉरलॉक. खेचरावर 420 पौंड मिरी, किनाऱ्यावरच्या एका पेढीची, डोंगरी राजाच्या कोठीत पोचवायची. मुदत पहिल्या पावसापर्यंत. सोमनायकाच्या तांड्यासोबत चालते, तांडा मिठाचा आहे. नायकाला तिने शब्द दिला आहे की जंगलाची वाट तो सांगेल तीच. पठारावरच्या सरदाराकडे तिच्या आईचं 60 नाण्यांचं घेणं. आईने मरताना एवढंच सांगितलं, मागत राहा, पण माफ करू नको. पुरात खेचराचा दोर धरला तो आमच्यातला पॅलाडिन (धर्मयोद्धा). वेणूची शक्ती कुठून आली ते फक्त तिलाच माहीत: जंगलातल्या एका देवळात तिने न वाचता अंगठा उमटवला होता."

डीएमला मंडलाची कल्पना इतकी आवडली की त्याने कॅम्पेनचं सगळं कॅलेंडर त्यावर बसवायला घेतलं. पण तो विचारून राहिला आहे: मंडल झालं तर तांडे खरंच बुडतील का? का हे नुसतं भीतीपोटी? मला उत्तर देता आलं नाही.

इतवारीतला_अडत्या

फार सुंदर झालं आहे. 'मागत राहा, पण माफ करू नको' हे वाक्य म्हणजे आमच्या आजोबांची वसुली. अंगठ्याचं गुपित डीएमशिवाय कोणाला सांगू नका.

डीएमच्या प्रश्नाचं उत्तर हिशेबातच आहे. कायमचं मंडल हे पोचायचं ठिकाण असतं. माल पाठवणाऱ्याला आपल्या टोकाला दर वेळी मंत्र म्हणावाच लागतो. त्यासाठी 50 सोन्याच्या नाण्यांचे रत्नमिश्रित खडू आणि शाई लागतात, त्या त्यातच संपतात. वाट उघडी राहते फक्त सहा सेकंद. सहा सेकंदांत धावत किती खेचरं आत जातील? ओळीने तयार उभी असली तर धरा चार.

चार खेचरांचं मीठ झालं 84 नाण्यांचं. त्यावर 50 खडूचे, शिवाय पाचव्या पातळीचा मंत्र म्हणणाऱ्या मांत्रिकाची दक्षिणा. कोणी करणार नाही. गहू तर सोडूनच द्या, चार खेचरांचा गहू 17 नाण्यांचासुद्धा होत नाही. पण चार खेचरांची मिरी झाली 3,360 ची. तिथे 50 कोणी मोजतही नाही. केशराचं काय सांगावं.

म्हणजे सोमनायकाचा मिठाचा तांडा चालू राहील. बुडेल ती वेणू, मिरीवाली. आणि वेणूसारखे लोक तांड्यांना सोबतीचा जो मोबदला देतात तो बंद झाला की मिठाच्या तांड्याला राखणीची माणसं परवडणार नाहीत. नायकाला हे कळायला वेळ लागेल. सुरुवातीला तो म्हणेल, आम्हाला काय त्याचं, आम्ही मीठवाले. वेणूला मात्र हा हिशेब पहिल्याच दिवशी येतो. नायकाला तो कसा समजावायचा, हे तिचं पहिलं काम होऊ शकतं. तिथे फासा टाकू नका, बोलून खेळा.

सरदारांचंही डीएमला सांगा. त्यांचं पोट जकातीवर. महाग माल आकाशातून गेला की नाक्यावर उरतं फक्त मीठ आणि गहू, आणि तूट भरून काढायला ते मिठावरचीच जकात वाढवतील. म्हणजे तुमच्या 60 नाण्यांवाल्या सरदाराला आता पैसे खरोखरच नसतील. आजपर्यंत तो द्यायचा नाही, आता देऊ शकणार नाही. या दोन्हींत वेणू फरक करते का, ते तुम्ही ठरवा.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. मिऱ्यांवर जोखमी हुंडी आहे की नाही ते पहिल्या सेशनच्या आधी पक्कं करा, आणि असेल तर कागद कोणाकडे आहे तेही. माझं मत विचाराल तर तो सोमनायकाकडे ठेवा, वेणूकडे नको.